पीळ सुटतो कसा? : हेलिकेज, तंबाखूचे पान आणि आपली क्रियापदे

(बोरगाव येथे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘मराठी ज्ञानभाषा होईल का’ या विषयावर बोला, असे संयोजकांनी मला सुचवले होते. या विषयावरची भाषणे मी तीस वर्षे ऐकत आलो आहे आणि त्यांतली काही मीच केलेली आहेत. त्यांत भाषेविषयी पुष्कळ असते, ज्ञानाविषयी फारच थोडे. म्हणून मी संयोजकांना म्हटले, की मला एकच लहानशी वस्तू घेऊ द्या. ती मराठीत नीट सांगता येते का, ते आपण सगळे मिळून पाहू. त्यांनी मोठ्या मनाने ‘घ्या’ म्हटले. ती वस्तू म्हणजे हेलिकेज. पेशीतले एक प्रथिन आहे. मी साहित्याचा माणूस, माझा प्रबंधही साहित्यातलाच. तेव्हा रसायनाच्या प्राध्यापकांनी कान टवकारून बसावे.

हेलिकेजच का? दोन कारणे आहेत. एक, त्याचे काम दोर वळणाऱ्या, विडी वळणाऱ्या आणि कपडे शिवणाऱ्या माणसांना चटकन कळेल असे आहे. दुसरे, त्याच्या अभ्यासाचा एक मोठा भाग तंबाखूच्या पानावर झालेला आहे, आणि निपाणी भागात तंबाखूविषयी बोलायला कोणाला संकोच वाटू नये.

मी पिशवीतून हे दावे आणले आहे. दोन पेडांचे, साधे. पहिल्या बाकावरच्या दोघांनी पुढे यावे. एकाने हे टोक घट्ट धरा, अजिबात फिरू देऊ नका. दुसऱ्याने या टोकाचे दोन पेड दोन हातांत धरून बाजूला ओढा. सुरुवातीला सहज सुटतात. वीतभर सुटले की पुढचा भाग आवळायला लागतो. अजून ओढा. आता दावे स्वतःभोवतीच वेटोळे घालू लागले. इकडे सुटलेला पीळ कुठे नाहीसा झालेला नाही, तो पुढे ढकलला गेला आणि तिथे साठला. बसा आता. आजच्या भाषणातला कठीण भाग एवढाच होता.

डीएनए म्हणजे असेच दोन पेडांचे दावे. पेडांच्या मधे पायऱ्यांसारख्या जोड्या आहेत: अॅडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. पहिल्या जोडीत दोन हायड्रोजन बंध, दुसरीत तीन. एकेक बंध दुबळा, पण असे कोट्यवधी एकत्र आले की दावे पक्के होते. साडेदहा जोड्यांमागे साधारण एक पीळ पडतो. माणसाच्या एका पेशीत मिळून सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए आणि त्यात साठ कोटींच्या आसपास पीळ. तंबाखूचा जीनोम तर माणसाच्या जीनोमच्या जवळजवळ दीडपट, साडेचारशे कोटी जोड्यांचा. आपण ज्या पानाला चिमटीत चोळतो त्याच्या एकेका पेशीत आपल्यापेक्षा मोठा ग्रंथ आहे. अर्थात ग्रंथ जाड असला म्हणजे लेखक मोठा असे नसते, हे या सभेत सांगायला नको.

पेशी दुभंगण्याआधी हे सगळे दावे नकलून काढावे लागते, आणि नकलायचे तर दोन्ही पेड वेगळे करावे लागतात. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची रचना मांडली तेव्हाच हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात त्यांनी ही अडचण कबूलही केली होती, की एवढा पीळ सुटणार कसा? माक्स डेलब्रुक यांनी पुढच्याच वर्षी या अडचणीवर स्वतंत्र लेख लिहिला. काहींना तर या कारणासाठी पिळाची कल्पनाच शंकास्पद वाटत होती.

आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. माणसाच्या स्वभावाविषयी ती खरी असेल. डीएनएला मात्र जाळावेही लागत नाही, नुसते तापवले तरी पुरते. पाण्यात ९५ अंशांपर्यंत तापवले की पेड आपोआप वेगळे होतात. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली, त्या आरटी-पीसीआर चाचणीच्या यंत्रात हेच चालते: तापव, थंड कर, पुन्हा तापव. पण पेशीला हा मार्ग बंद आहे. ९५ अंशांना पेशी शिजून जाईल. आपल्या अंगाच्या ३७ अंशांत, किंवा शेतात उभ्या असलेल्या झाडाच्या तापमानात हे काम उरकायला हवे. ते काम करणारे प्रथिन १९७६ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे हार्टमुट हॉफमन-बेर्लिंग यांच्या गटाला जिवाणूत सापडले. योगायोग असा, की मराठी विश्वकोशाचा पहिला खंडही १९७६ सालचाच.

ते काम कसे करते? आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूतले हेलिकेज म्हणजे सहा सारख्या तुकड्यांचे एक कडे. दोन पेडांपैकी एक पेड या कड्यातून ओवलेला असतो, दुसरा बाहेर राहतो. कडे ओवलेल्या पेडावरून पुढे सरकते आणि बाहेरचा पेड बाजूला सारला जातो. सरकायला ताकद लागते, ती एटीपी नावाच्या रेणूतून मिळते. एक एटीपी मोडला की कड्याचा एक भाग हलतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. दोर हातावर हात टाकत ओढतात तसे. वेग सेकंदाला सुमारे एक हजार जोड्या. हिशेब केला तर मिनिटाला साडेपाच हजारांहून जास्त पीळ होतात. दूधगंगेवर बसवलेल्या पाण्याच्या मोटारी मिनिटाला साधारण २,९०० फेरे घेतात. हे कडे त्यांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पीळ मोकळे करते, आणि ते इतके लहान की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही.

पण मघाशी दाव्याला काय झाले ते आपण पाहिले. पेड सुटत गेले तसा पीळ पुढे साठला. जिवंत पेशीतही तसाच साठतो. तो तसाच राहिला तर हेलिकेज अडकून पडेल. म्हणून पुढे टोपोआयसोमरेज नावाचे दुसरे प्रथिन असते. ते दाव्याला क्षणभर काप देते, साठलेला पीळ फिरून जाऊ देते आणि काप पुन्हा सांधते. यातले पहिले प्रथिन जेम्स वँग यांनी १९७१ साली वर्णिले, म्हणजे हेलिकेजच्याही आधी.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो. या दोन कामांना मराठीत काय म्हणायचे?

इंग्रजीत हेलिकेजच्या कामाला ‘अनवाइंडिंग’ म्हणतात. म्हणजे गुंडाळलेले किंवा पिळलेले सोडवणे. मराठी पुस्तकांत त्याचे भाषांतर बहुधा ‘उलगडणे’ असे होते. मला ते पटत नाही. आपण काय उलगडतो? घडी उलगडतो, सुरळी उलगडतो, चटई उलगडतो. त्यात कशाचाही बंध तुटत नाही. शेंग उकलते, गाठ उकलते, कोडेही उकलते. गुंता सोडवतात. पीळ उतरवतात किंवा काढतात. आणि शिवण उसवतात. उसवताना टाका तुटतो, कापड मात्र दोन्हीकडे शाबूत राहते. हेलिकेज नेमके हेच करते. दोन पेडांमधले टाके, म्हणजे हायड्रोजन बंध, एकामागून एक सोडवत जाते आणि पेडांना धक्का लावत नाही. तेव्हा हेलिकेज डीएनए उसवते, आणि टोपोआयसोमरेज पीळ उतरवते. इंग्रजीच्या एका ‘अनवाइंडिंग’मध्ये ही दोन कामे एकमेकांत मिसळून जातात. विद्यार्थी परीक्षेत नेमके तिथेच अडखळतात, दोन्ही प्रथिने एकच काम करतात असे लिहून येतात. मराठीत ती दोन कामे दोन क्रियापदांनी मुळातच वेगळी आहेत. त्यासाठी कोणत्याही समितीची बैठक बोलवावी लागत नाही.

एका मित्राने आक्षेप घेतला, की उसवणे म्हणजे बिघडणे, सदऱ्याची शिवण उसवली म्हणजे नुकसान झाले. आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. शिंप्याकडे जाऊन पाहा. पोलके घट्ट झाले की तो टीप उसवतो, कापड सैल करतो आणि पुन्हा टीप घालतो. उसवणे हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. पेशीही पुन्हा शिवण्यासाठीच उसवते.

‘सर्पिल’ या शब्दाशीही माझे भांडण आहे. डीएनएच्या आकाराला शालेय पुस्तकांत ‘दुहेरी सर्पिल’ किंवा ‘द्विसर्पिल’ म्हटलेले असते. आणि भूगोलात, खगोलात आकाशगंगाही सर्पिल. आता आकाशगंगा सपाट चकलीसारखी असते आणि डीएनए दाव्यासारखा. एकच शब्द दोन्हींना लावला की मुलाच्या डोळ्यांसमोर चकली येते. कन्नडमध्ये या आकाराला ‘सुरुळी’ शब्द लावतात. तो शब्द आपल्याला परका नाही. तीच आपली सुरळी: कागदाची सुरळी, सुरळीची वडी. या भागातल्या मुलाला एका भाषेतला शब्द दुसरीतल्या शब्दावर ठेवून बघता येतो, हा त्याचा फायदा आहे. पण सुरळीतही दोन पेड नाहीत. विडी ही सुरळी आहे. डीएनए ही सुरळी नाही, तो पीळ आहे. ‘दुपेडी पीळ’ म्हटले तर बोरगावच्या कोणत्याही शेतकऱ्याला आकार डोळ्यांपुढे उभा करता येईल.

शब्दांचा आणखी एक गमतीचा नमुना देतो आणि पुढे जातो. एन्झाइमला मराठी शाळेत ‘विकर’ म्हणतात, विश्वकोशाने ‘एंझाइम’ ठेवले आणि कन्नड पुस्तकांत तेच ‘किण्व’ होते. किण्व हा जुना संस्कृत शब्द, मद्य आंबवण्यासाठी घालायच्या द्रव्याचा. ग्रीकातल्या एन्झाइम शब्दाचा अर्थही ‘आंबवणात असलेले’ असाच. म्हणजे कन्नड शब्द मुळाच्या सर्वांत जवळचा. मराठीत ‘किण्वन’ आहे, पण ते आंबण्याच्या क्रियेसाठी राखून ठेवले. दहावीपर्यंत एक शब्द, शेजारच्या मित्राच्या पुस्तकात दुसरा, आणि अकरावीला विज्ञानाचे पुस्तक इंग्रजीत म्हणून तिसरा. असा तीन नावांचा पाहुणा दारात उभा असतो. त्याचे नाव काय असावे यावर मी भांडणार नाही. नाव हेलिकेजच राहू द्या. नावाला मराठी कपडे चढवण्याच्या हौसेत आपण पन्नास वर्षे घालवली आणि तो काय करतो हे मराठीत सांगायचे राहून गेले. आपले परिभाषा कोश बहुतांशी नामांचे आहेत. क्रियापदे घरात पडून आहेत.

आता तंबाखूच्या पानाकडे.

तंबाखूच्या पानावर हिरवे-पिवळे चट्टे पडतात, पान खडबडीत होते, वाढ खुंटते. या रोगाला मोझॅक हे नाव १८८६ साली हॉलंडमध्ये आडोल्फ मायर यांनी दिले. १८९२ मध्ये रशियात इवानोव्स्की यांनी रोगट पानांचा रस अशा चिनी मातीच्या गाळणीतून गाळला जिच्यातून जिवाणू पार होत नाहीत. गाळलेला रसही रोग लावत होता. १८९८ मध्ये बायरिंक यांनी त्या अदृश्य कारणाला ‘व्हायरस’ म्हटले. म्हणजे विषाणूंचे सगळे शास्त्र तंबाखूच्या एका पानापासून सुरू झाले. १९३५ मध्ये स्टॅनली यांनी तो विषाणू मिठाच्या खड्यांसारख्या स्फटिकरूपात वेगळा केला आणि जग चक्रावले. स्फटिक होणारी वस्तू जिवंत म्हणायची की नाही? या प्रश्नावर साहित्याच्या माणसाने तासभर बोलावे असा मोह होतो, पण आवरतो.

रोझालिंड फ्रँकलिन हे नाव विद्यार्थ्यांनी ऐकलेले असेल. तिने आणि तिचा विद्यार्थी गॉस्लिंग याने १९५२ साली घेतलेल्या डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रात पिळाची खूण स्पष्ट दिसत होती. तिचे पुढचे काम मात्र कमी लोकांना माहीत असते. १९५३ मध्ये ती लंडनच्या बर्कबेक कॉलेजात गेली आणि १९५८ साली अवघ्या ३७व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत याच तंबाखूच्या विषाणूवर काम करत राहिली. हा विषाणू काडीसारखा सरळ असतो, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब. बाहेर २,१३० सारख्या प्रथिनांचे वेष्टन आणि त्यांच्यामधून जिन्यासारखा वर चढत गेलेला आरएनएचा एकच पेड. तो पेड वेष्टनात नेमका कुठे बसतो हे दाखवण्यात तिचा वाटा मोठा आहे.

या आरएनएत सुमारे ६,४०० अक्षरे आहेत. वर्तमानपत्रातल्या एखाद्या लांब लेखाएवढी. एवढ्याशा मजकुरात विषाणूला फारसे काही सोबत बाळगता येत नाही. पण त्यात एक गोष्ट लिहिलेली आहेच, ती म्हणजे हेलिकेज. विषाणूचा आरएनए पानाच्या पेशीत शिरला की त्याची नक्कल करताना एक पेड दुसऱ्याला चिकटून दुपेडी होतो, शिवाय एकटा पेडही स्वतःवरच दुमडून गुंततो. तो उसवला नाही तर पुढची नक्कल निघत नाही. विषाणू जवळजवळ सगळे पेशीकडून उसने घेतो, उसवण्याचे हत्यार मात्र स्वतःचे आणतो. अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठात गोरेगावकर आणि कल्व्हर या दोघांनी २००३ साली या विषाणूच्या प्रथिनातला हेलिकेजचा तुकडा वेगळा केला आणि तो एटीपी खर्च करून दुपेडी आरएनए उसवतो हे दाखवून दिले. गोरेगावकर हे आडनाव वाचून मी थोडा वेळ खुर्चीत ताठ बसलो, हे इथे सांगायला हरकत नाही.

याहूनही मला आवडलेली गोष्ट पुढेच आहे. तंबाखूची एक रानटी जात आहे, निकोटियाना ग्लुटिनोसा. तिच्या पानावर हा विषाणू चोळला तर रोग पसरत नाही. जिथे विषाणू शिरला तिथे बारीक करडा ठिपका पडतो आणि संपते. ठिपक्यातल्या पेशी स्वतः मरतात आणि विषाणूला आतच कोंडतात. होम्स या शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात संकर करून हा गुण आपल्या नेहमीच्या तंबाखूत आणला. त्यामागचे जनुक १९९४ साली हाती लागले. त्याचे नाव नुसते ‘एन’. आता प्रश्न असा, की पान विषाणूला ओळखते कशावरून? वेष्टनावरून ओळखत असेल असे कोणालाही वाटेल. चोराला आपण कपड्यांवरूनच ओळखतो. पण १९९९ साली सिद्ध झाले, की तंबाखू त्याला ओळखतो हेलिकेजवरून. हा धागा विषाणूला सहजासहजी बदलताही येत नाही, कारण हेलिकेज बदलले तर नक्कलच बंद पडेल. कपडे बदलता येतात, धंद्याचे हत्यार फेकून देता येत नाही. हा पहारा कडक उन्हाळ्यात ढिला पडतो, २८ अंशांच्या वर तापमान गेले की ठिपके पडायचे थांबतात आणि रोग पसरू लागतो. पण तोवर पान आपले काम चोख करते.

ज्यांचे हात रोज तंबाखूत असतात त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. हा विषाणू वाळलेल्या, मुरवलेल्या तंबाखूतही टिकून राहतो. विडी ओढून किंवा तंबाखू मळून तेच हात मिरचीच्या, टोमॅटोच्या रोपांना लावले तर रोग तिथेही पोहोचतो. रोपे लावण्याआधी साबणाने हात धुवावेत.

आता तंबाखूतल्या दुसऱ्या हेलिकेजकडे येऊ. ते मुळात वाटाण्याचे. दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्रात नरेंद्र तुतेजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटाण्यातून पीडीएच-४५ हे हेलिकेज शोधले आणि त्याचे जनुक तंबाखूत घातले. तंबाखूच का? कारण तंबाखूच्या पानाच्या तुकड्यापासून पूर्ण झाड वाढवणे सोपे असते. प्रयोगशाळांतला तो जुना, गरीब गडी आहे, सांगाल ते काम करणारा. २००५ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले ते असे: लिटरला सुमारे पावणेबारा ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात ही झाडे मोठी झाली, त्यांना बी धरले आणि बियांचे वजन घटले नाही. हे पाणी समुद्राच्या पाण्याच्या जवळपास एक तृतीयांश खारट. साधा तंबाखू अशा पाण्यात तग धरत नाही.

शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनी इथून लांब नाहीत. ज्या रानात ऊस उभा राहायचा तिथे आता पांढरा थर दिसतो, हे इथल्या प्रत्येकाने बसमधून पाहिलेले आहे. म्हणून हा प्रयोग मी मुद्दाम सांगतो, आणि तितकाच मुद्दाम हेही सांगतो, की तो कुंडीतला प्रयोग आहे. पुढे हेच जनुक भातात घातले गेले, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात भुईमुगात घालून दुष्काळाची चाचणी झाली. पण शिरोळच्या रानावर आज उपाय आहे तो चर काढून पाण्याचा निचरा करण्याचा आणि पाणी बेताने देण्याचा. जनुकाच्या बातमीवर भरवसा ठेवून कोणी पाटाची मोरी उघडी ठेवू नये.

हेलिकेज मिठाशी कसे झुंजते? पीडीएच-४५ हे आरएनएच्या कामातल्या एका प्रथिनाच्या नात्यातले आहे. पेशीत प्रथिन तयार होताना आरएनएचा पेड वाचला जातो. तो स्वतःवर दुमडलेला, गुंतलेला असेल तर वाचन अडते. हे प्रथिन तो गुंता सोडवून देते. खारट पाण्याने पेशी अडचणीत आली तरी तिला नवी प्रथिने करत राहता यावे, ही मदत त्यातून मिळत असावी असा संशोधकांचा तर्क आहे. इथे क्रियापद बदलले, हे तुमच्या लक्षात आले असेल. डीएनएवर चालणारे कडे हजारो जोड्या एका ओळीत उसवत जाते. आरएनएवरची ही मंडळी तसे लांब चालत नाहीत, एखाद्या ठिकाणी बसतात, तेवढा गुंता सोडवतात आणि उठून जातात. म्हणून इथे ‘सोडवणे’.

या मंडळींच्या घराण्याला इंग्रजीत ‘डेड बॉक्स’ म्हणतात. भाषांतरकारांनी घाबरू नये आणि ‘मृत पेटी’ असे तर मुळीच लिहू नये. डी, ई, ए, डी ही चार अमिनो आम्लांची एकाक्षरी नावे आहेत. या साऱ्या प्रथिनांत ती चार एका रांगेत येतात आणि योगायोगाने त्यांचा इंग्रजी शब्द होतो. १९८९ साली ज्यांनी हे नाव पाडले त्यांनी ते हसत हसतच पाडले असणार. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणाऱ्याची फजिती कुठे होते, याचे उदाहरण म्हणून मी ते वर्गात वापरतो.

माणसाच्या आजारांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलायला माझ्यापेक्षा जाणकार इथे बसले आहेत. आपल्या पेशींत अनेक हेलिकेज असतात. त्यांतल्या एकात दोष असला तर वेर्नर सिंड्रोम होतो, विशी-तिशीत केस पिकतात, कातडी सुकते, म्हातारपण लवकर गाठते. दुसऱ्यात दोष असला तर ब्लूम सिंड्रोम, त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. उलट बाजूने, विषाणूचे हेलिकेज अडवले तर विषाणू अडतो. नागिणीवरचे अमेनामेविर हे औषध त्याच तत्त्वावर चालते. जपानने त्याला २०१७ साली मान्यता दिली. करोनाच्या विषाणूकडेही स्वतःचे हेलिकेज आहे आणि तेही औषधांसाठी तपासले जात आहे.

मघाशी परिभाषेविषयी बोललो. ती कोणाच्या कामाची, याचा एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एक विद्यार्थिनी होती. दहावीपर्यंत मराठी शाळेत, मग विज्ञान शाखा, पुस्तके इंग्रजीत. आई विड्या वळते. एका संध्याकाळी आईने सूप मांडीवर घेऊन विड्या वळता वळता विचारले, “काय वाचतीस गं एवढं?”

“हेलिकेज गं आई. ते डीएनए अनवाइंड करतंय.”

“म्हंजे काय करतंय?”

मुलीला इंग्रजी व्याख्या तोंडपाठ होती, पण आईला काय सांगावे ते सुचेना. तिने गोठ्यातले दावे आणले आणि पेड ओढून दाखवले. आई म्हणाली, “उसवतंय म्हण की मग.” थोडा वेळ थांबून तिने विचारले, “मग ते परत वळतंय कोण?”

मुलगी दुसऱ्या दिवशी हा प्रश्न घेऊन कॉलेजात आली. मी तिला विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडे पाठवले आणि मागोमाग मीही गेलो, कारण प्रश्न मलाही पडला होता. उत्तर दोन भागांत आहे. नक्कल होताना नवा पेड जुन्याला जोडीजोडीने चिकटत जातो आणि दोन्ही मिळून आपणच पीळ घेतात. तिथे वळणारा कोणी लागत नाही. पण काही वेळा डीएनए भलत्या जागी, नको तेव्हा उसवलेला राहतो. त्याचे पेड पुन्हा एकत्र आणणारे प्रथिन २००८ साली कॅलिफोर्नियात सॅन डिएगो येथे युसुफझाई आणि काडोनागा यांनी दाखवले. एटीपी तेच, चालणेही तसेच, परिणाम मात्र उलटा. त्याच्या जनुकात दोष असला तर मुलांची हाडे नीट वाढत नाहीत, मूत्रपिंडे निकामी होत जातात, प्रतिकारशक्तीही खालावते. इंग्रजीत त्याला ‘अॅनीलिंग हेलिकेज’ म्हणतात. अॅनीलिंग हा शब्द लोहाराच्या भट्टीतला, धातू तापवून सावकाश निवू देण्याचा. आपल्याकडे या कामाला शब्द आहे तो त्या बाईने सुपावर बोट चालवता चालवता वापरलेला: वळणे.